चरबी उतरावी, ताकद नव्हे

शेतकऱ्याला व्यायाम कशाला हवा, असे आपल्या कंग्राळीत पुष्कळजण विचारतात. प्रश्न बरोबर आहे, पण तो जुन्या दिवसांचा आहे. पूर्वी नांगरट बैलांनी, पाणी रहाटाने किंवा मोटेने, कांडण मुसळाने आणि बाजार पायी होत असे. आता पॉवर टिलर, पंप, मिक्सर आणि मोटारसायकल आली. कष्ट कमी झाले हे चांगलेच झाले, पण ताटातला भात मात्र तेवढाच राहिला. शिवाय कष्टही वर्षभर सारखे नसतात. रोपणीत कंबर मोडते आणि सुगी संपली की दिवस बसून जातात. मग पोट सुटते आणि त्यामागून मधुमेह व रक्तदाब येतात.

पोट सुटले की नाही हे काट्यावर कळत नाही. शिवणकामाची टेप कमरेभोवती धरून पाहावी. आपल्याकडच्या पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या वर गेला तर सावध व्हावे.

यावर काहीजण एकदम उपाशी राहतात आणि रोज मैलोन्‌मैल चालत सुटतात. महिन्याभरात वजन उतरते खरे, पण अशाने चरबीबरोबर स्नायूही झिजतात. ४५ किलोचे युरियाचे पोते उचलताना ते लक्षात येते. पुढे खाणे पूर्ववत झाले की वजन परत येते. मात्र ते चरबीच्या रूपाने येते, गेलेली ताकद आपोआप येत नाही.

ही गोष्ट तालमीत जुनीच ठाऊक आहे. पैलवानाला ठराविक वजनगटात बसायचे असते, म्हणून चरबी नको, पण ताकदही घटता कामा नये. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले. चार वर्षांनी, १९५२ साली, त्यांनी हेलसिंकीला बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. त्या गटाची मर्यादा होती ५७ किलो. एवढ्याशा वजनात जे बळ मावते ते मेहनत, दमसास, खुराक आणि विश्रांती यांच्या मेळातून येते. उलट, मेहनत सोडली पण खुराक सोडला नाही, अशा पैलवानाचे पोटही आपण पाहिलेले असते.

चूल तीन दगडांवर उभी राहते, तसेच हे आहे.

पहिला दगड ताकदीचा. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, जोर-बैठका काढाव्यात. नवख्याने जोर भिंतीला किंवा ओट्याला हात टेकून काढावेत आणि बैठका खुर्चीवरून उठबस करून. दोन्ही हातांत पाण्याच्या सारख्या कळशा घेऊन अंगणात फेऱ्या मारल्या तरी चालते. स्नायूंना काम मिळाले म्हणजे शरीर त्यांना जपते आणि चरबी खर्ची टाकते.

दुसरा दगड दमसासाचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले की प्रौढ माणसाने आठवड्यात निदान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास झपाझप चालणे. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, एवढा वेग पुरे.

तिसरा दगड विश्रांतीचा, आणि हाच आपण काढून टाकतो. स्नायू मेहनतीच्या वेळी ताणले जातात आणि भरून निघतात ते झोपेत व विसाव्यात. झोप कमी झाली की भूक वाढते. रात्री सात तास झोपावे. आठवड्याचा एक दिवस मोकळा ठेवावा, आणि आपल्याला रविवार दिलेलाच आहे. रोपणीच्या दिवसांत मात्र जोर-बैठका बंद ठेवाव्यात. त्या वेळी शेतच मेहनत करून घेते.

आता ताटाविषयी. अर्धा तास झपाझप चालल्याने सुमारे १५० कॅलरी खर्च होतात. शंभर ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत त्याच्या दुप्पट असतात. म्हणून नुसत्या चालण्याने पोट उतरत नाही. भाताची एक मूद आणि चहाची साखर कमी करावी, पण डाळ, हुलगे, अंडी, मासळी, ताक कमी करू नये, कारण स्नायू त्यांवरच पोसतात. आठवड्याला अर्धा किलो उतरले तरी पुष्कळ झाले.

मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी, तसेच गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. छातीत दुखले किंवा घेरी आली तर लगेच थांबावे आणि दवाखाना गाठावा.

आज कमरेचा घेर मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवावा. दर महिन्याला पुन्हा मोजावा. घेर कमी होत असेल आणि पोते पूर्वीसारखेच उचलता येत असेल, तर आपले बरोबर चालले आहे असे समजावे.