रोजा सुटल्यावर ताटात काय?

मगरिबची अजान झाली की नांदगाव खंडेश्वरातही खजूर आणि पाण्याने रोजा सुटतो. त्यामागोमाग दस्तरखानावर गरम भजे, आलुबोंडे, समोसे आणि गोड शरबत येते. दिवसभर रिकाम्या असलेल्या पोटाला हे जड जाते. शेजारच्या हिंदू घरांनाही हा अनुभव नवा नाही. साबुदाण्याचे वडे तळताना ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण तिथे हसत हसत आठवली जातेच.

रोजा असो की उपवास, मूळ हेतू संयमाचा. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांना वरून घेतलेली साखर शक्यतो दिवसाला 25 ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण सहा लहान चमचे, ठेवण्याचे सुचवते. गोड शरबताच्या दोन मोठ्या पेल्यांत ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

यावरचा उपाय वऱ्हाडाच्या जुन्या ताटातच आहे. शिवारात सोयाबीन वाढले, ज्वारी मागे पडली आणि भाकरही कमी झाली. 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतुमय घटक असतात. पांढऱ्या तांदळात तीन ग्रॅमही नसतात. त्यामुळे सहरीला भाकर, तुरीचे वरण, एखादी पालेभाजी आणि दही खाल्ले, तर पोटाला जास्त वेळ आधार राहतो. इफ्तारला भज्यांऐवजी उकडलेले चणे, मोड आलेली मटकी, टरबूज चालते.

सहरीला सर्वांत आधी उठते ती घरातली बाई, आणि अनेक घरांत शेवटी जेवतेही तीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. तिच्या वाट्याला वरण-भाजी उरते का, हे घरच्यांनी पाहायला हवे. वरणावर लिंबू पिळले तर लोह चांगले शोषले जाते. जेवणासोबतचा चहा मात्र त्यात अडथळा आणतो.

मधुमेहाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारूनच रोजा ठेवावा. गोळ्या किंवा इन्सुलिनच्या वेळा मनाने बदलू नयेत. आजाऱ्याला धर्माने सवलत दिली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही.

महिनाभरात लागलेली ही सवय ईदनंतरही टिकली, तर घरातल्या सर्वांच्याच प्रकृतीला मानवेल.