स्क्रीन काळी झाली? आधी जरा थांबा!

मैत्रिणींनो, मुलांचे प्रकल्प, शाळेची निकालपत्रकं, डब्यांचा हिशेब, भिशीची यादी, लग्नाचे फोटो... हल्ली सगळं लॅपटॉपच्या पोटात असतं. कुकरची शिट्टी झाली म्हणून आपण झाकण मिटून उठतो, परत येऊन उघडतो, तर स्क्रीन काळीकुट्ट! दिवा लागलाय, पंखा घरघरतोय, पण दिसत मात्र काहीच नाही. अशा वेळी घरातलं कुणी ना कुणी सांगतंच, "बटण दाबून धर, बंद कर आणि परत चालू कर." पण हा उपाय सगळ्यात शेवटी करायचा असतो. का, ते आधी समजून घेऊ या.

झोप म्हणजे काय?

चुलीतल्या निखाऱ्यांवर राख ओढून ठेवतात ना, तशीच ही लॅपटॉपची झोप. स्क्रीन विझते, पण तुमचं अर्धवट काम 'रॅम' नावाच्या स्मृतीत जागंच असतं. तिला अगदी थोडी वीज सतत मिळत असते. जागं होताना स्क्रीन पेटवण्याचं काम ग्राफिक्स ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम करतो, आणि पुष्कळदा तोच अडखळतो. म्हणजे निखारे शाबूत असतात, फक्त दिसत नाहीत. बटण दाबून धरलंत की त्यावर पाणीच ओतलंत म्हणून समजा! सेव्ह न केलेलं काम गेलं.

आधी नाडी पाहा

'कॅप्स लॉक'चं बटण दाबा. त्याचा छोटा दिवा लागतो-विझतो का? तसं झालं, तर लॅपटॉप जागा आहे, अडचण फक्त दिसण्याची आहे. मग खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरा. पुसट अक्षरं दिसली, तर स्क्रीनमागचा उजेडच पेटलेला नाही. प्रकाश वाढवायचं बटण दाबून बघा. कधी कधी तो अगदी कमी झालेला असतो, एवढंच.

आणखी एक गंमत. झाकण मिटलंय हे बऱ्याच लॅपटॉपना लोहचुंबकामुळे कळतं. त्यामुळे चुंबकाच्या फाशाचं ब्रेसलेट किंवा चुंबकाची पट्टी असलेलं मोबाइलचं कव्हर जवळ आलं, तरी त्याला वाटतं झाकण मिटलं, आणि तो पुन्हा झोपतो! तेव्हा अशा वस्तू आधी दूर ठेवा.

सौम्य उपाय, या क्रमाने

इथे सांगितलेली बटणं विंडोजच्या लॅपटॉपसाठी आहेत.

१. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चारही बटणं एकदम दाबा. यानं ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. स्क्रीन लुकलुकते, कधी 'बीप' वाजतं. उघडी कामं तशीच राहतात.

२. लॅपटॉप आधी टीव्हीला जोडला होता का? मग चित्र अजून तिकडेच पाठवलं जात असेल. विंडोज आणि पी दाबा, दोन-तीन सेकंद थांबा, खालच्या बाणाचं बटण एकदा दाबून एंटर करा. हे दोन-तीनदा करून बघा.

३. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट एकत्र दाबा. निळसर पान दिसलं तर एस्केप दाबून परत या.

४. तरीही अंधारच? एचडीएमआय वायरने टीव्हीला जोडा. तिथं चित्र आलं, तर तुमचं काम सुखरूप आहे. लगेच सेव्ह करा आणि पेनड्राइव्हवर प्रत घ्या.

टीव्ही नसेल, तर एंटर दाबून पासवर्ड अंदाजाने टाईप करा, पुन्हा एंटर दाबा, आणि मग कंट्रोल-एस. फाइलला आधीच नाव दिलेलं असेल, तर काम अंधारातही सेव्ह होऊ शकतं!

आता बटण

एवढं करूनही काही झालं नाही, की मगच पॉवरचं बटण 10-15 सेकंद दाबून धरा. लॅपटॉप बंद झाल्यावर चार्जर, माऊस, पेनड्राइव्ह सगळं काढा. पुन्हा 15-20 सेकंद बटण दाबून साठलेली वीज जाऊ द्या. मग फक्त चार्जर लावून सुरू करा. वर्डमध्ये दर 10 मिनिटांनी आपोआप प्रत ठेवण्याची सोय असते. तेव्हा वर्ड उघडल्यावर बाजूला जुनी प्रत दाखवली, तर ती आधी सेव्ह करा.

दुखणं वरचेवर होत असेल, तर विंडोज अपडेटमधून किंवा लॅपटॉपच्या कंपनीच्या वेबसाइटवरून ग्राफिक्स ड्रायव्हर नवा करून घ्या. नव्या अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' या बटणाने जुना ड्रायव्हर परत आणता येतो.

दुकानात नेण्यापूर्वी

झाकण मागे-पुढे करताना चित्र येतं-जातं का, ते पाहून ठेवा. तसं होत असेल, तर बिजागरीतून जाणारी वायर बिघडलेली असू शकते. हे तुम्ही आधीच सांगितलंत, तर दुकानदारही जपून बोलतो. आणि महत्त्वाचं म्हणजे, "फॉरमॅट मारावा लागेल" असं म्हणाला, तर लगेच मान डोलावू नका. फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी! स्क्रीन किंवा वायर बिघडली म्हणून आतल्या फाइली पुसायचं काहीच कारण नसतं. आधी सगळ्या फाइलींची प्रत मागा, मग पुढचं बोला.

आणि हो, एक सवय आजपासूनच लावून घ्या. गॅसपाशी जाण्याआधी कंट्रोल-एस, मगच झाकण. दूध उतू गेलं तर ओटा पुसता येतो. न जपलेलं निकालपत्रक मात्र पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहावं लागतं!