किल्ला नळदुर्गचा, पण पालिकेचा नव्हे

नळदुर्गात काहीही बिघडलं की सगळे पहिल्यांदा नगरपरिषदेला धारेवर धरतात. गटार तुंबलं, पालिका झोपली. महामार्गावर खड्डा पडला, पालिका झोपली. किल्ल्याच्या तटात झुडूप उगवलं तरी दोष पालिकेचाच. यातली पहिली तक्रार अगदी रास्त आहे. उरलेल्या दोन मात्र चुकीच्या दारावर जातात.

समज असा असतो की गावाच्या हद्दीत जे जे आहे ते पालिकेचं. नळदुर्गचा किल्ला राज्य संरक्षित स्मारक आहे. बोरी नदीचा बांध, पाणी महाल, नर-मादी धबधबे ही सगळी मिळकत राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या ताब्यातली. वैभव संगोपन योजनेत किल्ल्याची देखभाल एका खासगी कंपनीकडे गेली, तेव्हाही करार राज्य सरकारशी झाला, नगरपरिषदेशी नव्हे. गावाला लागून जाणारा पुणे–हैदराबाद रस्ता राष्ट्रीय महामार्ग, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतला. तिथल्या खड्ड्याबद्दल नगरसेवकाशी भांडून घसा तेवढा दुखतो.

मग पालिकेचं काय? याचं उत्तर महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 मध्ये आहे. त्याआधी मराठवाड्याला हैदराबाद राज्याचा नगरपालिका कायदा लागू होता, विदर्भाला वेगळा, पश्चिम महाराष्ट्राला आणखी वेगळा. 1965 च्या कायद्याने सगळे एका छत्राखाली आणले. त्यातल्या कलम 49 मध्ये पालिकेची कामं दोन गटांत मांडली आहेत. दिवाबत्ती, सफाई, गटारं, पिण्याचं पाणी, स्मशानभूमी, जन्म-मृत्यूची नोंद ही बंधनकारक कामं. बाग, वाचनालय यांसारखी ऐच्छिक. 'आमच्याकडे बाग का नाही' हा प्रश्न विचारायला हरकत नाही, पण पालिका त्याला 'पैसे आले की बघू' म्हणू शकते. नळाला पाणी नसेल, तर तसं म्हणून तिला सुटता येत नाही.

पालिका म्हणजे गावचं छोटं सरकार, तिला वाटेल ते करता येतं, हाही पक्का समज आहे. नगरपरिषद ही कायद्याने जन्माला घातलेली संस्था आहे आणि तिला कायद्याने दिलेले तेवढेच अधिकार असतात. सभेत सगळ्यांनी हात वर केले म्हणून कायद्याबाहेरचा ठराव वैध होत नाही. असा ठराव कलम 308 खाली जिल्हाधिकारी रोखू शकतात. करांचंही तेच. घटनेचं कलम 265 सांगतं की कायद्याच्या आधाराशिवाय कर बसवता येत नाही, आणि ते पालिकेलाही लागू आहे. एकेकाळी पालिकांची मुख्य कमाई जकातीची होती. 1999 मध्ये राज्याने नगरपरिषदांची जकात बंद केली, बदल्यात सहायक अनुदान सुरू झालं. तेव्हापासून लहान पालिकांची नजर मंत्रालयाकडे लागलेली असते. नागरिकांनी 'आमच्या करावर चाललेली पालिका' म्हणताना हे थोडं ध्यानात ठेवावं.

नगराध्यक्ष मुख्याधिकाऱ्याचा मालक, असं पारावर नेहमी ऐकू येतं. नगराध्यक्ष सभेचा अध्यक्ष असतो, कामावर देखरेख ठेवतो. 2022 पासून त्याची निवड पुन्हा थेट मतदारांतून होते. पण मुख्याधिकारी राज्य शासनाचा माणूस असतो. त्याची बदली मंत्रालयातून होते, सभेच्या ठरावाने नव्हे. ठराव अमलात आणणं हे त्याचं काम आणि बेकायदा ठराव दिसला तर तसं कळवणंही त्याचंच काम. दोघांचं पटलं नाही की गावाचं काम अडतं. पण अशी रचना मुद्दाम केलेली आहे, आणि माझ्या मते ती बरीच शहाणपणाची आहे.

निवडणूक मात्र सरकारच्या मर्जीवर नसते, निदान नसायला हवी. 74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून लागू झाली. तिने पालिकेची मुदत पाच वर्षांची केली आणि मुदत संपण्याआधी निवडणूक घेणं बंधनकारक केलं. तरी इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या वादात राज्यातल्या पालिकांवर वर्षानुवर्षं प्रशासक बसले. सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये कान उपटल्यावर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राज्यभरातल्या नगरपरिषदांसाठी मतदान झालं.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज घरपट्टीचा. पावतीवर नाव आलं की घर आपलं झालं, असं मानून लोक जागा विकत घेतात, नंतर डोक्याला हात लावून बसतात. आकारणी रजिस्टरातली नोंद कर वसूल करण्यासाठी असते. मालकी ठरते ती नोंदणीकृत दस्त, वारसा आणि इतर पुराव्यांवर; नगर भूमापन झालेल्या भागात भूमी अभिलेख कार्यालयातलं मालमत्ता पत्रकही पाहून घ्यावं. न्यायालयांनी हे वारंवार सांगितलं आहे. चतुर्थ वार्षिक करआकारणीत घरपट्टी वाढली, तर नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत घ्या. मुदत गेल्यावर नगरसेवकाच्या ओसरीवर बसून उपयोग नाही, आणि थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढत राहते ती वेगळीच.

शेवटचा गोंधळ शेजारच्या अणदूरमुळे होतो. खंडोबा वर्षातला बहुतेक काळ अणदूरला आणि थोडा काळ नळदुर्गला मुक्कामी असतो. देव एकच, पण कायदे दोन. अणदूरला ग्रामपंचायत, म्हणून तिथे ग्रामसभा भरते आणि मतदार तिथे सरपंचाला थेट जाब विचारतो. नळदुर्गला नगरपरिषद, म्हणून इथे ग्रामसभा नाही. नागरिकाला बोलायचं असेल तर लेखी अर्ज, निवेदन, माहितीचा अधिकार किंवा आपला नगरसेवक. पण सर्वसाधारण सभा एरवी नागरिकांना ऐकायला खुली असते, फक्त तिथे जाणारे क्वचितच दिसतात.