गिअर टाकायचा की नुसती रेस पिळायची?

वणीजवळच्या राजूरला भर पावसात बाइक काढून बघा. काळ्या मातीत चाक गरगर फिरतं, गाडी मात्र जागेवरच! असल्याच चिखलातून 'बाहा एसएई इंडिया' स्पर्धेत इंजिनिअरिंगची पोरं स्वतः बनवलेली ऑल-टेरेन गाडी पळवतात. एन्ड्युरन्स रेस तब्बल ४ तासांची. पेट्रोल गटात वर्षानुवर्षं सगळ्यांना इंजिन एकच, ३०५ सीसीचं, ताकद जेमतेम १० हॉर्सपॉवर. मग खरी डोकॅलिटी लागते ती ट्रान्समिशनमध्ये.

सीव्हीटी म्हणजे तुमच्या स्कूटीतलाच प्रकार. दोन पुल्या, मध्ये बेल्ट. गिअर बदलायची भानगड नाही, त्यामुळे चढावर ताकद तुटत नाही. मॅन्युअलमध्ये ऐन चिखलात क्लच दाबला, की गाडी रुतलीच समजा. पण बेल्टला पाणी लागलं की तो घसरतो, फार तापला की जळतो. शिवाय बाहेरून मागवलेली सीव्हीटी खिशाला जड. म्हणून तर कितीतरी टीम महिंद्रा अल्फा या तीनचाकीचाच गिअरबॉक्स बसवत आल्या. तो गावाकडचा मिस्त्रीही खोलतो, आणि उतारावर पहिल्या गिअरात गाडी इंजिनच धरून ठेवतं.

टीम नवी असेल, तर आमचं मत मॅन्युअलला. स्पॉन्सर मिळाला की खुशाल सीव्हीटी घ्या. फक्त जादा बेल्ट सोबत ठेवा.