रक्तातले लोह आणि सुखरूप बाळंतपण

वाशिम, कारंजा, रिसोड अशा गावांतल्या प्रसूतिगृहाबाहेर थोडा वेळ बसले, तर एक वाक्य हमखास कानावर येते : ‘पोरीच्या अंगात रक्तच नाही.’ डॉक्टरांच्या कागदावर असे वाक्य नसते, एक आकडा असतो. तो ९ असतो, कधी ८, कधी त्याहूनही कमी. हा आकडा कशाचा, तो कमी असला तर बाळंतपणात काय बिघडते, आणि या सगळ्याचा शाळेशी काय संबंध, ते पाहू या.

आकडा हिमोग्लोबिनचा आहे. १०० मिलिलिटर रक्तात किती ग्रॅम हिमोग्लोबिन आहे, हे तो सांगतो. हिमोग्लोबिन हे तांबड्या पेशींमधले लोहयुक्त प्रथिन. फुप्फुसांतून प्राणवायू घ्यायचा आणि शरीरभर पोचवायचा, हे त्याचे काम. एरवी स्त्रीच्या रक्तात ते १२ ग्रॅमपेक्षा कमी असले, तर रक्तक्षय आहे असे मानतात. गर्भवतीसाठी मात्र ही मर्यादा ११ ग्रॅम आहे.

गर्भवतीला ही सवलत का? कारण गरोदरपणात रक्त कमी होत नाही, उलट वाढते. त्यातला पातळ भाग, म्हणजे रक्तद्रव, ४५ ते ५० टक्क्यांनी वाढतो, तर तांबड्या पेशी २० ते ३० टक्क्यांनीच वाढतात. वरणात डाळ थोडी वाढवली आणि पाणी बरेच वाढवले, तर वरण पातळ होणारच. निरोगी स्त्रीचे रक्तही असेच थोडे पातळ होते. मुळात डाळच कमी असेल, तर मात्र उरते ते नुसते पाणी.

‘डाळ’ कमी का पडते? एका गरोदरपणात सुमारे १००० मिलिग्रॅम लोह लागते. वाढलेल्या तांबड्या पेशी, बाळ आणि वार यांच्यासाठी ते खर्च होते. भाकर, वरण, भाजी यांतून मिळणाऱ्या लोहापैकी थोडाच भाग शरीरात शोषला जातो. त्यातच दर महिन्याच्या पाळीत काही लोह बाहेर जात असते. त्यामुळे अनेक मुली शिल्लक जवळपास शून्य असतानाच आई होतात. नऊ महिन्यांत ही तूट भरून काढणे अवघड असते.

आता बाळंतपणाच्या घटकेकडे वळू. दिवस भरलेल्या स्त्रीच्या गर्भाशयातून दर मिनिटाला ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहत असते. बाळ जन्मले, की वार सुटते आणि ती जिथे चिकटलेली होती तिथे उघडी जखम राहते. हिशेब केला तर आठ-दहा मिनिटांत सगळे रक्त वाहून जायला हवे. मग बहुतेक बायका सुखरूप कशा राहतात?

याचे उत्तर गर्भाशयाच्या स्नायूंत आहे. त्यांचे तंतू जाळीसारखे एकमेकांत गुंतलेले असतात आणि रक्तवाहिन्या त्या जाळीच्या छिद्रांतून जातात. गर्भाशय आकुंचन पावले, की छिद्रे आवळली जातात आणि वाहिन्या दाबून बंद होतात. नाडी ओढल्यावर पिशवीचे तोंड मिटावे, तसे. रक्ताच्या गुठळ्या होणे हा त्यानंतरचा टप्पा. आकुंचन घडवणारे संप्रेरक म्हणजे ऑक्सिटोसिन. म्हणूनच बाळ जन्मताच आईला त्याचे इंजेक्शन देतात. बाळाला लगेच पाजल्यानेही हे संप्रेरक स्रवते.

कधी गर्भाशय सैल राहते आणि रक्तस्राव थांबत नाही. रक्तक्षय तीव्र असेल, तर असे होण्याची शक्यताही वाढते. समजा, दोन बाळंतिणी आहेत. दोघींच्या शरीरात साडेचार लिटर रक्त आहे. एकीचे हिमोग्लोबिन ११, दुसरीचे ७. दोघींचे एक-एक लिटर रक्त गेले आणि तेवढी जागा सलाईनने भरून काढली. गणित करून पाहा : पहिलीचे हिमोग्लोबिन साधारण ८.६ होईल, दुसरीचे ५.४. पहिली थकेल, पण सावरेल. दुसरीच्या हृदयाला आणि मेंदूला प्राणवायू अपुरा पडू लागेल आणि तिला तातडीने रक्त द्यावे लागेल. रक्तपेढी जिल्ह्याच्या गावी आणि बाई मानोऱ्याकडच्या तांड्यावर असेल, तर हा आकड्यांतला फरक जिवावर बेततो.

महाराष्ट्राने या बाबतीत बरीच मजल मारली आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यात १०० पैकी जवळपास ९५ बाळंतपणे दवाखान्यात झाली. पण त्याच पाहणीत १०० गर्भवतींपैकी सुमारे ४६ जणींना रक्तक्षय आढळला. बाई दवाखान्यात पोचली, लोह मात्र रक्तात पोचले नाही.

तक्रार नाही म्हणजे आजार नाही, असेही समजू नये. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ४५ टक्के स्त्रियांची काहीही तक्रार नव्हती, तरी स्त्रीरोग मात्र ९२ टक्के स्त्रियांत सापडले. त्याआधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. रक्तक्षयाचेही तसेच आहे. तो हळूहळू येतो, दम लागण्याची सवय होते आणि ‘बाईमाणसाला थकवा यायचाच’ असे सगळेच धरून चालतात.

इथे शिक्षकांचे काम सुरू होते. सहावी ते बारावीच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा दिली जाणारी निळी गोळी ही लोह आणि फॉलिक आम्लाची असते. वर्षातून दोनदा दिली जाणारी जंतनाशक गोळीही याच कामाची, कारण आकडेकृमी आतड्यातून रक्त शोषतात. गोळी उपाशीपोटी देऊ नये, जेवणानंतर द्यावी. तिच्याबरोबर चहा नको, कारण चहातले टॅनिन लोह अडवते. लिंबू, आवळा, पेरू यांतले क जीवनसत्त्व मात्र लोहशोषणाला मदत करते. शौचाचा रंग काळा झाला तर घाबरू नये. न शोषलेल्या लोहाचा तो रंग असतो. हे आधी सांगितले, तर गोळ्या खिडकीबाहेर जाणार नाहीत.

एक सावधगिरी हवी. विदर्भात सिकलसेलचा आजारही आढळतो आणि तो लोहाने बरा होत नाही. एखादी मुलगी सतत फिकट दिसत असेल, सांधे दुखल्याचे सांगत असेल, तर तिची रक्ततपासणी करून घ्यायला हवी.

गर्भवतीला चौथ्या महिन्यापासून निदान १८० दिवस रोज लोहाची गोळी घ्यायची असते. गोळ्यांनी बाळ फार मोठे होते आणि बाळंतपण अडते, ही समजूत निराधार आहे. तीही वर्गातच दूर करता येईल, कारण घरी वहिनी किंवा मोठी बहीण गोळ्या डब्यात ठेवून देते, हे आधी दिसते ते आठवी-नववीतल्या मुलीलाच.