औषध पोहोचते, सांगणारा पोहोचत नाही

छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाताना बिडकीन लागते. नव्या औद्योगिक वसाहतीमुळे या गावाचे नाव आता दूरवर गेले आहे. येथील एखाद्या औषधाच्या दुकानासमोर क्षणभर उभे राहावे. गिऱ्हाईक चिठ्ठी पुढे करते, दुकानातला माणूस पाकीट देतो, ‘सकाळ-संध्याकाळ’ एवढे म्हणतो आणि व्यवहार संपतो. लिहिता-वाचता येणारा माणूस शेजाऱ्यास विचारून निभावून नेतो. परंतु ज्याची बोलीच वेगळी, त्याने काय करावे?

प्रश्न मूठभरांचा नाही. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात आदिवासींची संख्या 1 कोटी 5 लाख, म्हणजे लोकसंख्येच्या 9.35 टक्के आहे. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी व माडिया, धडगाव-अक्कलकुव्यात भिली व पावरी बोलली जाते. औषधाच्या वेष्टनावर यांपैकी एकही भाषा नसते.

याची किंमत काय, ते हिवतापाच्या एका प्रकारावरून कळते. व्हायव्हॅक्स हिवतापात यकृतात दडलेले जंतू नष्ट करण्यासाठी प्रायमाक्विन 14 दिवस घ्यावे लागते. ताप तर दोन-तीन दिवसांतच उतरतो. बरे वाटू लागल्यावरही गोळी का घ्यायची, हे कोणी समजावले नाही, तर ती फडताळातच राहते आणि ताप परततो. शिवाय रक्तात एका विशिष्ट विकराची उणीव असणाऱ्यास याच गोळीने अपाय होतो, आणि काही आदिवासी जमातींत ही उणीव अधिक आढळते. सिकलसेलच्या रुग्णास हायड्रॉक्सियुरिया वर्षानुवर्षे, वजनाप्रमाणे आणि वेळोवेळी रक्त तपासून घ्यावे लागते. ही कामे केवळ पाकीट सरकवून होत नाहीत.

1948 च्या औषधशास्त्र कायद्याच्या 42 व्या कलमाने चिठ्ठीवरील औषध देण्याचे काम नोंदणीकृत औषधनिर्मात्याकडे सोपविले. डोंगराळ व आदिवासी भागात 20 हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा शासकीय निकष आहे. म्हणजे विखुरलेल्या कित्येक पाड्यांचा भार एका औषधनिर्माण अधिकाऱ्यावर पडतो. उपकेंद्रात तर तोही नसतो. तेथे सारी भिस्त परिचारिकेवर आणि आशाताईवर.

मग आदिवासी तरुणच या व्यवसायात का येऊ नयेत? राज्यात त्यांच्यासाठी 7 टक्के जागा राखीव आहेत. पदविकेचा अभ्यासक्रम अवघा दोन वर्षांचा. पण त्याआधी बारावी विज्ञान हवे, आणि वाट अडते ती तेथेच. प्रयोगशाळेविना शिकलेल्या मुलास राखीव जागा म्हणजे कुलूपबंद घराची किल्ली नव्हे, तर नुसता पत्ता होय.

शिकलेला तरुण शहरातच राहतो, हा आक्षेप ठाऊक आहे. पण गावात पद नाही, निवास नाही, बढती नाही, मग त्याने परतावे कशासाठी? त्याग ही एकट्या आदिवासीची जबाबदारी नव्हे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांच्या शुश्रूषेचे शिक्षण दिले, आणि तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटले, हे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले. त्याच वर्षापासून ऑस्ट्रेलियाने दुर्गम भागातील आदिवासी आरोग्य केंद्रांतून औषधे विनामूल्य देण्याची व्यवस्था केली.

तेव्हा आदिवासी तालुक्यांतील कनिष्ठ महाविद्यालयांत विज्ञानशाखा व प्रयोगशाळा, पदविकेसाठी पूर्ण शुल्क व वसतिगृह, आणि उत्तीर्ण होणाऱ्यास आपल्याच तालुक्यात कायम पद, एवढे तरी शासनाने करावे. आपल्या आजीला आपल्याच बोलीत ‘चौदाव्या दिवसापर्यंत घे गं’ असे सांगणारा नातू तिला मिळाला, तर त्या गोळीचे औषध होईल. एरव्ही ती केवळ गोळीच राहील.