जुनी मोटार घेताना

सुगीचा पैसा हाती आला म्हणजे घरच्या मंडळींसाठी एखादी जुनी मोटार घ्यावी, असे पुष्कळ शेतकरी बंधूंच्या मनात येते. विचार गैर नाही. परंतु बैल घेताना दात पाहणारा, औतास जुंपून पारखणारा आपला शेतकरी मोटारीच्या नुसत्या रंगावर भुलतो, याचा आम्हांस खेद वाटतो.

मोटार सकाळी, इंजिन थंड असता पाहावी. तापलेले इंजिन आपले दोष झाकते. निळसर धूर येत राहिल्यास ते ऑइल जाळीत आहे असे समजावे. टायरवरील चार अंकांत त्याचे वय असते. २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. सन २०१९ साली कोल्हापूर-सांगलीस व २०२१ साली चिपळुणास महापूर आला, तेव्हा पुष्कळ वाहने पाण्यात गेली. सबब पायांखालची मॅट उचलून गाळ व गंज अवश्य पाहावा.

आर.सी. बुकातील इंजिन व चासी क्रमांक प्रत्यक्ष ताडून घ्यावेत. त्यावर कर्जाचा बोजा असल्यास, सातबाऱ्याप्रमाणेच, तो उतरल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. विमा आपल्या नावे करण्याकरिता १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा.

सारी रक्कम किमतीतच घालू नये. टायर, बॅटरी व दुरुस्तीसाठी काही राखावी. जिचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात, तीच मोटार बरी. बी-खताच्या पैशास हात लावून घेतलेली मोटार दारात शोभेल, परंतु शेत पडीक राहील, हे आमच्या वाचकांनी विसरू नये.